कुठं घावली?

(मार्च १९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



इतक्या वर्षांनी या पटांगणात उभं राहून बोलताना पाय थोडे लटपटतायत. पूर्वी इथे उभं राहायची वेळ यायची ती बहुतेक उशिरा आल्यामुळे.

संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय त्यांनीच ठरवला होता. म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, एआयवर बोल, मुलांच्या करिअरवर बोल." मी म्हटलं, मी अळंबीवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे मशरूमचा धंदा सुरू केलास का?" नाही. नोकरी तीच आहे, पुण्यात, सॉफ्टवेअरची. आणि पुण्यात अजूनही "गाव खंडाळा" म्हटलं की समोरचा म्हणतो, "वा, लोणावळ्याजवळचं ना?" मग मी सांगते, तो खंडाळा वेगळा. आमचा खंबाटकी घाटाच्या अलीकडचा. तिकडे धबधबे आहेत, आमच्याकडे पावसाची वाट बघणं आहे.

आजचं बोलणं त्या वाट बघण्याशीच जोडलेलं आहे. आपल्याकडे मृगात दोन सरी येतात आणि मग ढग मांढरदेवाच्या डोंगराकडे बघत बसतात. खरा पाऊस पुष्कळदा भाद्रपदात येतो, परतीचा. तो आला की चार-पाच दिवसांत बांधावर, ओढ्याकाठी, उकिरड्यावर, वाळक्या खोडावर छत्र्या उगवतात. आपण त्यांना कुत्र्याची छत्री म्हणायचो आणि पायाने उडवायचो. त्यातली एक जात मात्र पायाने उडवली जात नसे, ती घरी जायची. त्या जातीची ही गोष्ट आहे, आणि ती मी कधीच कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

साल १९९३. आपण सातवीत होतो. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच महिन्याच्या शेवटी, ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि शाळेत आपण धान्य गोळा केलं होतं. मी सांगतेय ते त्याच्या दोन-तीन आठवडे आधीचं, गणपती बसायच्या आधीचं.

माझ्या आजीला अळंबी कळायची. आमच्या वस्तीच्या मागे बांधाला एक जुनं वारूळ होतं. नागपंचमीला आजी तिथे दूध ठेवायची आणि पाऊस झाला की तिथूनच अळंबी आणायची. दुसरीकडची आणत नसे. कुणी आणून दिली तर पहिला प्रश्न एकच विचारायची, "कुठं घावली?" उत्तर वारुळाचं असेल तर चुलीवर, नसेल तर उकिरड्यावर. नाव, रंग, वास, यातलं काही ती विचारत नसे. ठिकाण विचारायची. आणि देठाकडे बघायची, कारण वारुळावरच्या अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा खोल गेलेला असतो.

त्या वर्षी आजीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. तिने मला पाठवलं, "बघ गं, वारुळावर आली का." मी गेले. वारुळावर काही नव्हतं. परत येताना गायरानात, गवतात, पांढऱ्याशुभ्र मोठ्या छत्र्या दिसल्या. एक-दोन नाही, अर्धगोलात दहा-बारा. मधे तपकिरी खवले, देठाला अंगठीसारखं कडं. अशी सुंदर अळंबी मी तोवर पाहिली नव्हती. मी ओढणीत भरून आणली. गवतातल्या अळंबीचा देठ वरवरचा असतो हे मला माहीत होतं, म्हणून विळ्याने देठ आधीच कापून टाकले.

आजीने हात लावून पाहिलं आणि विचारलं, "कुठं घावली?"

मी म्हटलं, "वारुळावर."

"खरं का?"

"खरं."

तिला काहीतरी खटकलं असणार, कारण तिने राणीछाप चांदीचा रुपया काढला आणि कालवणात टाकला. अळंबी विषारी असेल तर चांदी काळी पडते, असं सगळ्या गावाला माहीत होतं. रुपया चकचकीत राहिला. आम्ही जेवलो. आई-वडील लग्नाला गेले होते. घरात आजी, मी आणि माझा धाकटा भाऊ, तेव्हा पहिलीत. मी थोडीच खाल्ली. त्याला आवडली, त्याने दोनदा मागून घेतली.

दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. मला झाल्या, आजीला झाल्या, पण भावाच्या थांबेचनात. मध्यरात्रीपर्यंत त्याचे डोळे आत गेले होते आणि तो हाक मारली तरी बघत नव्हता. शेजारच्या काकांनी दुधाचा टेम्पो काढला. दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. तीन दिवसांनी तो घरी आला आणि आल्याआल्या भाकरी मागितली. हे मी आज हसून सांगू शकते, कारण तो समोर तिसऱ्या रांगेत बसलाय. लग्नात मशरूम मसाल्याचं ताट समोर आलं की तो अजूनही उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसतो. आता तुम्हाला कारण कळलं.

तो वाचला. आजी मात्र त्यातून बाहेर आली नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माझ्या हातनं लेकरू गेलं असतं." वारुळाकडे ती परत फिरकली नाही. नागपंचमीचं दूधसुद्धा आईने ठेवायला सुरुवात केली. तो रुपया तिने सोनाराला देऊन टाकला. "मला आता काय बी कळत नाय," असं ती म्हणायला लागली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळे स्वच्छ झाले, पण हे म्हणणं गेलं नाही. पेरणीपासून बाळंतिणीच्या काढ्यापर्यंत जिला सगळी वस्ती विचारायला यायची, ती बाई "दुसऱ्या कुणाला तरी विचारा" म्हणू लागली. २००९ मध्ये ती गेली.

मी तिला कधीच सांगितलं नाही की ती अळंबी वारुळावरची नव्हती.

आधी वडिलांच्या माराची भीती होती. मग वाटलं, आता उशीर झाला. मग अभियांत्रिकीचं कॉलेज, नोकरी, लग्न. एवढी जुनी गोष्ट, आता कशाला उकरायची, असं मी स्वतःला सांगत राहिले. माझ्या धंद्यात एक नियम पहिल्या महिन्यात शिकवतात. आत चुकीची माहिती गेली तर बाहेर चुकीचंच उत्तर येणार, मग प्रोग्राम कितीही चांगला असो. आजीची पद्धत बरोबर होती. तिला आत दिलेली माहिती खोटी होती, आणि ती मी दिली होती.

आता तीस वर्षांनंतरचं सांगते.

२०२३ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल, सगळा कोरडा गेला. सप्टेंबरात पाऊस परतला. गौरी-गणपतीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन गावी आले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची. बांधाबांधाने चालताना ती खाली वाकली आणि म्हणाली, "आई, हे बघ, घेऊ का?" मी तिचा हात इतक्या जोरात ओढला की ती पडलीच. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू घाबरलीस. का?"

"विषारी असतं."

"हे विषारी आहे?"

"माहीत नाही."

"मग बघूया ना."

ती गुडघ्यावर बसली आणि बघायला लागली. मीही बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी अळंबी खायची की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी बघायला जायला लागलो. मग वस्तीवरची चार पोरं जोडली गेली, मग आपल्या शाळेतली काही. आता भाद्रपद-आश्विनातल्या रविवारी सकाळी सात वाजता दहा-पंधरा मुलं असतात. सामान फार लागत नाही. एक भिंग, वही-पेन्सिल, पट्टी, कागदी पिशव्या आणि दाढीचा छोटा आरसा. आरसा कशाला, तर अळंबी न उपटता तिच्या टोपीखालचं बघता येतं. खाली पडदे आहेत, भोकं आहेत की काटे, ही ओळखीतली पहिली पायरी. मुलांना पहिली दहा मिनिटं आरशात स्वतःचेच दात बघायचे असतात, ते बघू द्यावेत.

नियम तीन. काहीही तोंडात घालायचं नाही. हात लावला तर विष चढत नाही, पण घरी जाऊन साबणाने हात धुवायचे. आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं, तर आधी "कुठं घावली" ते लिहायचं. जमिनीत की लाकडावर, कुठल्या झाडाच्या, शेणावर की वारुळावर, एकटी की घोळक्यात, पाऊस होऊन किती दिवस झाले. नाव सगळ्यात शेवटी, आणि माहीत नसेल तर तिथे "माहीत नाही" असं लिहायचं. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेले शब्द हेच आहेत.

तुम्ही म्हणाल, आपल्या कोरड्या तालुक्यात असं बघण्यासारखं आहे तरी काय? मलाही तसंच वाटायचं.

उकिरड्यापासून सुरुवात करते, कारण पोरांना तो सगळ्यात आवडतो. तिथे राखाडी, घंटेच्या आकाराच्या नाजूक छत्र्या येतात. सकाळी उभ्या असतात, दुपारपर्यंत कडेकडेने वितळून काळ्या होतात. तो काळा रस वाटीत धरला तर त्याने लिहिता येतं. एका मुलाने त्या शाईने गृहपाठ लिहून नेला आणि वर्गात वासाची चौकशी झाली.

शेणाच्या जुन्या पोवट्यांवर आणि कुजक्या काटक्यांवर पक्ष्याच्या घरट्यासारख्या वाट्या असतात, नखाएवढ्यासुद्धा नाहीत. आत बारीक गोल अंडी. पावसाचा थेंब बरोबर वाटीत पडला की अंडं उडून लांब जाऊन पडतं. आम्ही ड्रॉपरने थेंब टाकून कुणाचं अंडं लांब जातं याची शर्यत लावतो.

आंब्याच्या वाळलेल्या फांदीवर पांढुरके, केसाळ, पंख्यासारखे छोटे थर दिसतात. उन्हात सुकून चुरमडतात, मेले असं वाटतं. घरी आणून ओल्या फडक्यावर ठेवले की तासाभरात पुन्हा उलगडतात. दुष्काळी भागात कसं तग धरायचं ते त्यांना आपल्यासारखंच कळतं. जुन्या बाभळीच्या आणि गुलमोहराच्या बुंध्याला लाकडासारखी टणक, वर लाखेसारखी चकाकणारी फळी बाहेर आलेली दिसते, तीही बुरशीच.

आणि दगड. आपल्याकडे काय कमी असेल ते असो, दगड कमी नाहीत. त्यांच्यावर करडे, हिरवट, पिवळे डाग असतात. ती बुरशी आणि शेवाळ यांची भागीदारी. शेवाळ उन्हातून अन्न करतं, बुरशी त्याला घर आणि ओल देते. याच भागीदारीतली एक जात आपण सगळ्यांनी लहानपणापासून खाल्लेली आहे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल. मी हे सांगितलं तेव्हा माझा भाऊ तोंडातला घास घेऊन थांबला. मग म्हणाला, "हे मला सांगायची गरज नव्हती." आमटी मात्र संपवली.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना बुरशी नव्याने सांगावी लागत नाही. ज्वारीच्या कणसातली काणी, गव्हावरचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी हे सगळं त्यांनी ऐकलेलं असतं. फक्त ही सगळी एकाच कुळातली, हे कुणी जोडून दिलेलं नसतं. अळंबी ही झाड नाही आणि प्राणीही नाही. ती स्वतःचं अन्न करत नाही, कुजणाऱ्या किंवा जिवंत वस्तूंतून घेते. तिच्या पेशींची भिंत कायटिनची असते, म्हणजे झुरळाच्या कवचात जे असतं त्याची. १९६९ मध्ये व्हिटेकर या शास्त्रज्ञाने सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी दिली. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे फक्त फळ. खरा जीव जमिनीखाली धाग्यांच्या जाळ्यात वर्षभर असतो. आपण पायाने छत्री उडवायचो तेव्हा आंबा पाडत होतो, झाड तिथेच होतं.

आजीचं वारूळ अजून आहे. त्याचंही गणित मला आता कळलं. वारूळ बांधते वाळवी. ती गवत-लाकूड आत नेते, त्याचे स्पंजासारखे थर रचते आणि त्यावर एक बुरशी पिकवते. शेतीच ती. लाकूड पचवायला वाळवीला बुरशी लागते आणि राहायला बुरशीला वाळवी. पाऊस लागला की आतून लांबलचक मुळासारखा देठ काढत अळंबी वर येते. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात टेकोडे, सात्या अशी तिची नावं. गोव्यात पावसाळ्यात ती रस्त्याकडेला पानात बांधून विकतात आणि चांगला भाव घेतात, कारण धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी ती शेडमध्ये लावता येत नाही. तिला वाळवीच हवी. वारूळ जेसीबीने सपाट झालं की ती अळंबी तिथून गेली. आजी देठ तपासायची आणि ठिकाण विचारायची, त्यामागे हे सगळं होतं. तिला वाळवीची शेती माहीत नव्हती, पण कुठल्या खुणेवर भरवसा ठेवायचा ते माहीत होतं.

तिचा चांदीचा रुपया मात्र खोटा होता, आणि हे मी इथे मोठ्याने सांगते, कारण तो समज अजून घराघरांत आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यातही चमचा काळा पडतो. अळंबीतल्या जिवघेण्या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. लसूण किंवा हळद टाकून रंग बघणं, किड्याने खाल्लेली म्हणजे चांगली, पांढरी म्हणजे चांगली, उकळून पाणी ओतलं की विष जातं, हे सगळे समज तसेच. गोगलगाय जे पचवते ते माणसाचं यकृत पचवू शकत नाही. सगळ्यात घातक जातींचं विष शिजवून जात नाही आणि त्याची लक्षणं सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. तोवर ते यकृतापर्यंत पोचलेलं असतं. मधे एक दिवस बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ माणसं गेली, त्यात बरेच चहामळ्यांतले मजूर होते. ती माणसं अडाणी नव्हती. आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री होती.

म्हणून कुणी चुकून खाल्ली तर बरं वाटण्याची वाट बघू नका. तडक दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असो की कच्ची, सोबत न्या. डॉक्टरला ठिकाण सांगा, वेळ सांगा, आणि खरं सांगा.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०२४ च्या सप्टेंबरात मुलांना मी छापा घ्यायला शिकवला. पिकलेल्या अळंबीचा देठ काढायचा, टोपी पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची आणि वर वाटी झाकायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्यायचा, म्हणजे कुठलाही रंग उठून दिसतो. रात्रभरात टोपीतून बारीक भुकटी गळते आणि पडद्यांची नक्षी कागदावर उमटते. हे तिचे बीजाणू. छाप्याचा रंग ही ओळखायची मोठी खूण. त्या रविवारी पाच-सहा अळंब्यांचे छापे आमच्या ओसरीवर वाट्यांखाली ठेवले होते. त्यातली एक मुलीला गायरानात सापडली होती. पांढरी, मोठी, मधे तपकिरी खवले, देठाला कडं. बघताच मला घाम फुटला होता, पण मुलांसमोर मी काही बोलले नाही.

सकाळी वाट्या उचलल्या. एक छापा चॉकलेटी, दोन पांढरे, एक काळा. आणि गायरानातल्या अळंबीखाली हिरवा. मळकट, शेवाळी हिरवा. मुलं नाचायला लागली. हिरवा छापा फार थोड्या जाती देतात, आणि गवतात उगवणारी, कडं असलेली, पांढरी, खवल्यांची अशी म्हटल्यावर बोट क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या जातीकडे जातं. जगभरच्या उष्ण भागांत अंगणात, कुरणात ती उगवते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. मोठी माणसं बहुतेक वाचतात, लहान मुलांचं पाणी आटून जीवावर बेतू शकतं.

१९९३ ची अळंबी तीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा छापा घेतला नव्हता, तुकडा ठेवला नव्हता. पुरावा नसलेल्या जुन्या बिघाडाबद्दल आम्ही कामावरसुद्धा "बहुधा" एवढंच लिहितो. पण ठिकाण तेच, रूप तेच, दोन तास तेच.

मी अभियांत्रिकीची चार वर्षं पुण्यात काढली. रोज ज्या रस्त्याने जायचे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या टेंभूच्या आगरकरांचा. त्याच रस्त्यावर एक संशोधन संस्था आहे, ती शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची, यावर आम्ही विनोद करायचो. त्या भिंतीआड देशभरातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह जपलेला आहे, हे मला वीस वर्षांनी कळलं. ज्या प्रश्नाला मी घाबरत होते तो विचारायची जागा माझ्या बसथांब्यापासून पाच मिनिटांवर होती.

त्या हिरव्या छाप्याचा कागद घेऊन मी भावाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. गायरान, विळ्याने कापलेले देठ, "वारुळावर" हे उत्तर. तो बराच वेळ कागद बघत बसला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "ताई, आजीला सांगितलं होतंस?"

"नाही."

"तिने सगळ्या गावाला सांगितलं होतं तिची चूक म्हणून."

"हो."

"मग तूपण सगळ्यांना सांग."

म्हणून मी आज इथे बोलतेय. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी माझ्या आजीच्या तोंडून ती गोष्ट ऐकली आहे. काही जण तेव्हा भावाला बघायला घरीही आला होता. तिला अळंबी कळत नव्हती, अशी तिची आठवण कुणाच्या मनात असेल तर ती आज दुरुस्त करा. तिला कळत होती. तिने बरोबर प्रश्न विचारला होता, दोनदा विचारला होता. तिचा नातीवर विश्वास होता, एवढीच तिची चूक.

आमच्या सहलीत आम्ही अळंबी खात नाही. वारुळावरचीसुद्धा नाही. कारण तिच्या शेजारी दुसरी उगवू शकते, आणि आजीइतकी माझी नजर तयार नाही. खायची तर बाजारातली धिंगरी आणतो. मुलांना याचं वाईट वाटत नाही. एखाद्या गोष्टीकडे खाण्यासाठी नाही तर ओळखण्यासाठी बघायचं, हे मुलांना लगेच जमतं. मोठ्या माणसांना "मग उपयोग काय?" असा प्रश्न पडतो.

उपयोग मला एवढाच सांगता येतो. परवा वस्तीवरचा एक मुलगा वही घेऊन आला. एका अळंबीपुढे त्याने "बाभळीखाली" लिहून खोडलं होतं आणि "आठवत नाही" असं लिहिलं होतं. मी विचारलं, खोडलंस का? म्हणाला, "आधी अंदाजाने लिहिलं होतं." मी त्याला शाबासकी दिली. मला सातवीत जे जमलं नाही ते त्याला चौथीत जमलं.

स्नेहमेळाव्यात शाळेला काहीतरी द्यायची पद्धत आहे. संगणक, प्रोजेक्टर आपण देतोच आहोत, आणि तो जोडून द्यायला मी थांबणार आहे. त्यासोबत मी एक वही देते. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत. तारीख, पाऊस होऊन किती दिवस, कुठं घावली, कशावर, छाप्याचा रंग, नाव. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना विनंती आहे की ती प्रयोगशाळेत ठेवावी आणि शेवटचा रकाना रिकामा राहिला तर मुलांना रागावू नये.

आणि तुम्हा सगळ्यांना आमंत्रण. पुढच्या भाद्रपदात पाऊस झाला की चौथ्या-पाचव्या दिवशीच्या रविवारी, सकाळी सात वाजता, शाळेच्या फाटकापाशी. आपापली मुलं आणा, कुणाकडे नातवंडं असतील तर ती आणा. चप्पल नको, बूट घाला. दाढीचा आरसा ज्याचा त्याने आणावा.

वारुळापाशी आपण शेवटी जाऊ. तिथे मला थोडं थांबायचं असतं.